लोटगाडीचे घड्याळ आणि शहराचा नकाशा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खाद्यपदार्थांच्या लोटगाड्या रस्त्यावरून हटवाव्यात, अशी मागणी करणारी पत्रे या सदरात अधूनमधून येतात. पायी चालणाऱ्याला वाट मोकळी हवी, ही त्यांतील तक्रार खरी आहे. परंतु शहर म्हणजे काय, याविषयीची जी समजूत त्या मागणीच्या मुळाशी आहे, ती मला पटत नाही.

आपली नगररचना जागेच्या हिशेबाने चालते. १९६६ च्या नगररचना अधिनियमानुसार होणाऱ्या विकास आराखड्यात जमिनीचा वापर ठरतो आणि नकाशावर त्याला रंग मिळतो. लोटगाडीचा हिशेब मात्र वेळेचा असतो. पहाटे बसस्थानकाबाहेर पोहे आणि चहा, दुपारी बाजार समितीच्या फाटकाशी माल विकून निघालेल्या शेतकऱ्यासाठी भजी, संध्याकाळी शाळेजवळ पाणीपुरी, आणि थंडी पडली की कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत व कळण्याची भाकरी. माझे वडील भुसावळला रेल्वेत होते. रात्रपाळी संपवून ते घरी येत तेव्हा गावात एकच चूल पेटलेली असे, ती स्टेशनबाहेरच्या गाडीवरची. त्या चुलीला कोणत्याही नकाशात रंग नव्हता.

धुळ्याहून आग्रा रोडने इंदूरला गेलेल्यांनी तेथील सराफा पाहिला असेल. दिवसा तेथे सोन्याचा व्यवहार होतो आणि रात्री दुकाने बंद झाली की त्याच दुकानांपुढे खाऊगल्ली भरते. अहमदाबादच्या माणेक चौकातही असेच घडते. एकाच जागेचे दिवसाचे आणि रात्रीचे धनी वेगळे असणे ही आपल्या शहरांची जुनी रीत आहे. परंतु शहर कसे वाढते व विभागले जाते हे सांगणारी शहरशास्त्राची गाजलेली प्रारूपे १९२० च्या दशकातील शिकागोसारख्या शहरांवरून बेतली गेली, आणि त्या मापाने मोजले की आपली ही रीत बेशिस्त ठरते. अशा छोट्या धंद्यांना लावली जाणारी ‘अनौपचारिक क्षेत्र’ ही संज्ञासुद्धा या गाडीवाल्यांकडे काय नाही तेवढेच सांगते. त्यांना गिऱ्हाइकाची वेळ, उधारीची पत आणि शेजारच्या दुकानदाराशी जमवून घेणे किती नेमके साधलेले असते, ते तिच्यात कुठेच येत नाही.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेने जमतात त्या ‘नैसर्गिक बाजारा’ला मान्यता दिली, विक्रेत्यांचे सर्वेक्षण पूर्ण होऊन त्यांना विक्रीची प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवू नये असे सांगितले, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे, त्यांतही एक तृतीयांश महिला असाव्यात, अशी तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुन्या बाजारांना वारसा बाजाराचा दर्जा देण्याची तरतूदही त्यात आहे.

मात्र हे सर्वेक्षण केवळ कार्यालयीन वेळेत झाले, तर पहाटेचा पोहेवाला आणि रात्रीची भरीत-भाकरीवाली मावशी त्यात सापडणारच नाही. म्हणून खानदेशातील सर्व नगरपालिका व महापालिकांना माझी विनंती आहे की, गणना पहाटे, दुपारी आणि रात्री अशी तीन वेळा करावी, फेरीवाला क्षेत्र ठरवताना जागेबरोबर तासही नोंदवावेत, आणि त्या जागी पाण्याचा नळ, सांडपाण्याची मोरी व ओल्या कचऱ्याचे पिंप आधी द्यावे.

आपली,
एक वाचक, जळगाव जिल्हा