आधी गडर लाईन, मग नवीन नागपूर

महोदय,

हिंगणा तालुक्यातल्या गोधनी-लाडगावच्या सुमारे 692 हेक्टर जमिनीवर 'नवीन नागपूर' हे नवे शहर होणार, हे ठरल्यापासून आमच्या लेआउटमध्ये सकाळी फिरणाऱ्यांना दुसरा विषय नाही. कोणाच्या साळ्याचे तिकडे शेत आहे, एकराला काय भाव मिळेल, हेच. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो, 31 वर्षे पातळ्या मांडण्यात गेली. त्यामुळे मला एवढेच सुचते, की जुन्या नागपूरची गडर लाईन, म्हणजे सांडपाण्याची नळी, आधी कुठवर पोचली ते बघा.

मानेवाडा-बेसा रोडच्या आत 1996 साली मी दीड हजार फुटांचा प्लॉट घेतला. एनए, म्हणजे बिगरशेती, नव्हता, विकणाऱ्याने शेतात चुना टाकून आखणी केलेली. 2001 साली असे प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा आला, पुढे डिमांडची रक्कम भरली, आर.एल. लेटर, म्हणजे नियमित झाल्याचे पत्र, हाती पडले. घर 1998 मध्येच बांधून झाले होते, जोते रस्त्यापासून दोन फूट वर घेऊन. मग मुरूम पडला, त्यावर डांबर, डांबरावर डांबर, आणि शेवटी खालचे काहीही न खोदता सिमेंट रोड. आज रस्ता माझ्या जोत्याच्या दोन इंच वर आहे. ज्या पायरीवर बसून मी चपला घालायचो, ती मातीखाली गेली. पावसाळ्यात गेटला सागाची फळी अन् रेतीची पोती लावून झोपतो. तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो, तर साहेब म्हणाले, "काका, घर कसं काय खाली गेलं तुमचं?"

मागच्या उन्हाळ्यात चार महिने मुलीकडे होतो, कॅनडात एडमंटनला. पार उत्तरेकडचे शहर, थंडीत पारा उणे तीसपर्यंत उतरतो. तिच्या घरामागे पोरांचे फुटबॉलचे मैदान आहे, रस्त्यापेक्षा पुरुषभर खोल. मला वाटले, जुनी खदान बुजवली असेल. जावई म्हणाला, "बाबा, हे कोरडं तळं आहे." जोराचा पाऊस आला की पाणी या मैदानात थांबते, खालच्या नळ्यांवरचा ताण उतरला की हळूहळू निघून जाते. मी मैदानाला दोन चकरा मारल्या आणि पाणी आत येण्याची जाळी शोधून काढली. खोड जात नाही. तिथे नवे घर झाले की अंगणाचा उतारसुद्धा तपासतात, पाणी भिंतीकडे वळता कामा नये म्हणून.

या शहराने डिसेंबर 2020 मध्ये आपला 'सिटी प्लॅन' मंजूर केला. दहा लाखांची वस्ती वीस लाख होईपर्यंत काय काय करायचे, ते त्यात आहे. टप्पे सालाचे नाहीत, माणसांचे आहेत: साडेबारा लाख, पंधरा लाख, साडेसतरा लाख. हे मला फार पटले. आपला आराखडा सालावर असतो, साल निघून जाते अन् आराखडा तिथेच राहतो. वाढीव दहा लाख माणसे आहे त्याच हद्दीत सामावून घ्यायची, नवी निम्मी घरे जुन्या वस्त्यांत बांधायची, आणि काठावरच्या अर्धवट वस्त्या बऱ्यापैकी भरल्याशिवाय पुढच्या जमिनीला हात लावायचा नाही, असे त्यांचे धोरण आहे. गावातला विमानतळ 2013 मध्ये बंद करून तिथेही वस्ती बसवणे चालू आहे.

तिथे सगळे गोडगोड आहे असे नाही. 1 जानेवारी 2024 पासून साध्या प्लॉटवर आठ घरांपर्यंत परवानगी मिळू लागली, त्यावरून मुलीच्या शेजारच्या आजीबाई भयंकर चिडलेल्या. त्यांच्या जागी मीही चिडलो असतो. पण नदीकाठ मात्र मोकळा. खोरे राखून ठेवा, असे फ्रेडरिक टॉड या तज्ज्ञाने 1907 मध्येच लिहून दिले होते, आणि 1915 च्या पुराने ते उरलेल्यांना पटवले. आपल्यालाही 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे पूर आणून अंबाझरी तलावाने आणि नाग नदीने एवढेच पटवायचा प्रयत्न केला होता.

माझे मागणे मोठे नाही. गोधनी-लाडगावात पहिला प्लॉट विकण्याआधी नाले आणि गडर लाईनच्या पातळ्या लिहिलेला नकाशा लोकांना बघायला लावा. आणि आमच्यासारख्या जुन्या लेआउटमध्ये रस्ता करताना आधीचा थर खोदून काढायची अट निविदेत घाला.

घर बांधले तेव्हा गेटच्या खांबावर मी रस्त्याची पातळी लाल ऑइलपेंटने मारून ठेवली होती. ती रेघ आता रस्त्याच्या सव्वीस इंच खाली आहे. खोदाल तेव्हा सापडेल.

एक निवृत्त आरेखक,
मानेवाडा-बेसा रोड, नागपूर