तणसाच्या ढिगामागे जागा देणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही. नात वाचून दाखवेल, या भरवशावर लिहितोय.

जानेवारीत आम्ही दोघं सारस बघायला नवेगावबांधकडे आलो आणि आमचं घर, म्हणजे सीट काढून पलंग-ओटा बसवलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, एका बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठाला लावलं. पुण्यात सगळ्यांनी बजावलं होतं, विदर्भात उकडून मराल. म्हणून गाडीत पंखे दोन आणि पांघरायला नुसत्या चादरी! पहिल्याच रात्री पत्रा असा गारठला की आमच्याच श्वासाची वाफ छताला धरून पहाटे उशीवर टपकायला लागली.

दुसऱ्या संध्याकाळी मी कोळशाची शेगडी फुलवून आत घेत होतो. काचा बंद, फटींत फडकी कोंबलेली. तुम्ही बैल घेऊन चालला होतात, थांबलात. "बंद डब्ब्यात शेगडी घेऊन झोपता? सकाळी उठसान का?"

खरं सांगतो, राग आला होता. धूर तर दिसत नव्हता ना! पण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो. हे मी शाळेत शिकलेलो, आणि तरी शेगडी माझ्याच हातात होती.

तुम्ही ती बाहेर ठेवायला लावलीत आणि गाडी वर, तुमच्या खळ्यावर आणवलीत. रात्रीची गार हवा खोलगटात उतरून बसते, बोडीकाठी झोपतं का कोणी, असं म्हणालात. उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगाचा, गाडीचं तोंड उगवतीला. ढिगाजवळ विडीसुद्धा पेटवायची नाही, एवढीच अट. त्यामुळे स्वयंपाक काकींच्या चुलीवर, आणि खरं तर त्यात आमचाच फायदा झाला.

गादीखाली तणस भरलेली पोती, काचांना आतून खोक्यांचे पुठ्ठे. वर तुम्ही खिडकी दोन बोटं उघडी ठेवायला सांगितलीत. थंडीत खिडकी उघडी? पण त्या रात्रीपासून छत टपकायचं जवळजवळ थांबलं. आमच्या तापमापकावर आदल्या पहाटे ९ अंश दिसले होते, तिथे १३ दिसले.

आणि ती वीट! काकींनी चुलीच्या कडेला तापवून जुन्या लुगड्यात गुंडाळून दिलेली. हिच्या पायाशी ती तीन वाजेपर्यंत कोमट असायची. सगळ्या पांघरुणाला राखेचा वास. हिला अजून तो वास आठवतो, सारस नंतर.

शेकोटीपाशी तुम्ही २०१८ च्या डिसेंबरातल्या थंडीचं सांगत होतात, नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता तेव्हाचं. तेव्हा बैलांच्या पाठीवर बारदाना शिवून घातला होतात म्हणे. बैलांची एवढी काळजी घेणारा माणूस आम्हाला त्या शेगडीसोबत कसा सोडणार होता!

तुमची दोन पोती आमच्याकडेच राहिली आहेत. धान निघायच्या आत आणून देतो. वीट मात्र ही परत करायला तयार नाही, काकींना सांगा.

तुमचाच,
टेम्पोवाला पाहुणा