ज्येष्ठांना वजन उचलू द्या

महोदय,

ज्येष्ठांच्या व्यायामावरील आपल्या पुरवणीतला लेख वाचला. रोज चाला, प्राणायाम करा, हा सल्ला योग्यच आहे. पण स्नायूंच्या ताकदीबद्दल त्यात एक ओळही नाही, ही उणीव मला गंभीर वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत. पासष्टीपुढे तर तोल आणि ताकद या दोन्हींवर भर देणारा व्यायाम तीन दिवस सांगितला आहे. घरोघरी मात्र साठी उलटली की ‘आता जड काही उचलू नका’ असेच बजावले जाते. काळजीपोटी दिलेला हा सल्ला माणसाला आणखी दुबळा करतो.

वयानुसार स्नायू झिजतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. चालण्याने हृदयाला फायदा होतो, दम वाढतो. पण ही झीज रोखायला ते पुरत नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणे, जिना चढणे, ठेच लागल्यावर सावरणे, हे सारे मांड्यांच्या बळावर चालते. पडून खुब्याचे हाड मोडले, तर कितीतरी जण पुन्हा पूर्वीसारखे हिंडू-फिरू शकत नाहीत.

‘आता या वयात काय उपयोग?’ असे विचारणाऱ्यांसाठी १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. वृद्धाश्रमातील नव्वदीच्या अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करून घेतला, तेव्हा पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसे जेमतेम दहा होती, हे खरे. पण १९९४ मध्ये शंभर वृद्धांच्या चाचणीतही व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली.

मधुमेहींनाही याचा लाभ होतो, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतो. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा स्त्रियांना तर हा व्यायाम हवाच. शरीर पुरुषी होईल ही त्यांची भीती निराधार आहे. तेवढे टेस्टोस्टेरॉन (स्नायू वाढवणारे पुरुषी संप्रेरक) स्त्रीच्या शरीरात नसतेच.

हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, वजन उचलताना श्वास रोखू नये आणि भार हळूहळू वाढवावा. खुर्चीतून उठ-बस करण्यापासून सुरुवात करता येते. फिजिओथेरपिस्टकडून असे व्यायाम चित्रांसह लिहून घेऊन आपण पुरवणीत छापावेत, ही विनंती.

– एक वाचक