जोडी नसलेल्या घराला काम कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्षांची गोड छाटणी (फळ धरण्यासाठीची) तोंडावर आली की पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. मजुरीच्या दरावर दरवर्षी बोललं जातं. काम कुठल्या घरांना मिळतं आणि कुठल्या घरांना नाही, यावर कोणी बोलत नाही.

छाटणी एकरी उक्ती (ठरलेल्या एकरकमी दराने) असते आणि मुकादम ती जोडीवर वाटतो. नवरा छाटत पुढे जातो, बायको मागून काडीच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कोंबांना, ते एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावते. पेस्टला उशीर झाला तर डोळे मागेपुढे फुटतात आणि पुढची सगळी कामं विस्कटतात. म्हणून मुकादमाला एकटं माणूस नको असतं. विधवा, परित्यक्ता, म्हातारी आई असलेली लेक, अशी घरं गावातच राहतात. वास्तविक फेल (नको असलेल्या फुटी) काढणं, विरळणी (घडातले जादा मणी काढणं), घडांना पेपर लावणं यांना जोडी लागत नाही. ही कामं झाडावर किंवा घडावर मोजून द्यावीत. उक्तं ठरवतानाच बागाईतदारांनी तशी अट घातली तर मुकादमही ऐकेल.

उरते रोजगार हमी. महाराष्ट्राच्या १९७७च्या कायद्यात हमी प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होती. २००५च्या केंद्रीय कायद्याने ती घराला दिली, घरामागे १०० दिवस. दिवस वाढवले तरी मोजणी घरावरच राहिली, तर सासऱ्याच्या जॉबकार्डावर नाव असलेल्या विधवेच्या वाट्याला काय येणार? तिचे दिवस दीर-जाऊच वापरतात. चूल वेगळी असेल तर तिला स्वतंत्र कार्ड मिळू शकतं. आधी रेशनकार्ड वेगळं करावं, जुन्या जॉबकार्डातून नाव कमी करून घ्यावं, मगच नवा अर्ज द्यावा. हा क्रम चुकला की एकच आधार दोन कार्डांवर दिसतं आणि अर्ज अडकतो.

काम मागताना नमुना ४ (कामाच्या मागणीचा अर्ज) भरून तारखेची पोच घ्यावीच. तोंडी मागणी केली की काम देण्याच्या मुदतीचे पंधरा दिवस कधीपासून मोजायचे, हेच सिद्ध होत नाही आणि त्या मुदतीत काम न मिळाल्यास द्यायचा बेकारी भत्ता बुडतो. (तो पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान चौथाई, पुढे किमान निम्मा.)

ग्रामपंचायतींना एक विनंती. येत्या ग्रामसभेत कार्डनिहाय दिवसांची यादी मोठ्याने वाचावी, आणि ज्यांच्यापुढे शून्य आहे ती नावं आधी वाचावीत.

– एक वाचक, दिंडोरी (जि. नाशिक)