शर्यतीला डीजे आहे, पण पंप नाही

संपादक साहेब, नमस्कार.

परवा आपल्या पेपरात सायकल शर्यतीच्या बक्षीस समारंभाचा मोठा फोटो आला होता, त्यात स्टेजवरचे सगळे पाहुणे नीट ओळखू आले पण जिंकलेली पोरं कोणती तेच कळेना, कारण ती खाली कोपऱ्यात उकिडवी बसवली होती आणि एकाचं तर अर्धं तोंड कटलं होतं. फोटोबद्दल तक्रार नाय, फोटोग्राफरला समोर जे दिसलं ते त्यानं काढलं. पण त्या दिवशी रस्त्यावर काय काय झालं ते कुठंच छापून आलं नाय म्हणून हे पत्र. माझं विजापूर रोडला सायकल रिपेअरीचं दुकान आहे, शर्यतीत पळणारी बरीच पोरं-पोरी आपल्या सायकली माझ्याकडंच आणतात, आणि शर्यत असली की मी मोटारसायकल काढून त्यांच्या मागं असतो.

सकाळी सहाची वेळ दिली होती. पोरं साडेचारला उठून, खाऊन, वॉर्मअप करून सहाला लाइनीत उभी. पाहुणे आले पावणेआठला, मग नारळ, मग हार-तुरे, मग सायकल चालवल्यानं तब्येत कशी चांगली राहते यावर भाषण, तेही ज्यांना ते सांगायची काडीची गरज नव्हती त्यांना. अहो हे सोलापूर आहे, इथं फेब्रुवारी संपला की नऊनंतर डांबर भाजायला लागतं, दोन तासाच्या हिशोबानं भरलेल्या बाटल्या निम्म्या स्टार्टलाच संपल्या आणि शर्यतीत खायला खिशात ठेवलेली केळी पोरांनी भाषण ऐकत ऐकत खाल्ली. झेंडा हलला तेव्हा पाय गार पडलेले आणि डोकं तापलेलं.

पायलट मोटारसायकलवाल्याला रूट माहीतच नव्हता, एका फाट्यावर तो सरळ गेला आणि वळायचं होतं डावीकडं, त्याच्या मागं पुढची पाच-सहा पोरं गेली. त्यांना परत बोलावेपर्यंत मागची टोळी पुढं. यावर निकाल काय, तर "रूट बघणं स्पर्धकाची जबाबदारी". बरं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. एक पोरगा आहे, नाव लिहीत नाय, वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला, सेकंडहँड रेसिंग सायकल घेतली तीसुद्धा हप्त्यानं. त्या दिवशी तो पुढच्या तिघांत होता. तुळजापूर रोडवरनं वळसा मारून परत फिरल्यावर वारा पाठीमागनं आला, तिघं आळीपाळीनं पुढं येत होते, मागच्या टोळीला बरंच सोडलं होतं. आणि मागचं चाक बसलं. आपल्याकडं रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ कुठं नाय सांगा, जेसीबीनं ती तोडतात आणि काटे तिथंच डांबरावर टाकून जातात, पंचवीस एमएमच्या टायरला तो काटा म्हणजे लोण्यात सुरी. पोरानं नियमाप्रमाणं हात वर केला, कडेला थांबला. दोन-तीन मिनिटांनी संयोजकांची गाडी आली. सपोर्ट व्हेइकल असा बॅनर होता बरं का तिच्यावर. आत काय, तर पाण्याचे बॉक्स, केळी, एक मोठा स्पीकर आणि चार कार्यकर्ते. चाक नाय, ट्यूब नाय, पंपसुद्धा नाय. ड्रायव्हर म्हणतो, बस मागं, सोडतो तुला फिनिशला.

पोरगा बसला नाय. तेवढ्यात मी पोचलो, माझ्याकडं एक स्पेअर चाक होतं, पण ते जुन्या पद्धतीचं, क्विक रिलीजचं, म्हणजे खटका ओढून सुटणाऱ्या बारीक दांड्याचं, आणि रिम ब्रेकचं, म्हणजे ब्रेक चाकाच्या कडेला धरणारा. त्याची सायकल डिस्क ब्रेकची, म्हणजे ब्रेक मधल्या तबकडीला धरणारा, आणि आरपार जाणारा बारा एमएमचा थ्रू अ‍ॅक्सल. चाक बसणारच नव्हतं, आणि समजा अ‍ॅक्सल जुळला असता तरी माझी कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्या, आठ स्पीडची आणि त्याची अकराची. पूर्वी हे सोपं होतं हो, रेसिंगचं कुठलंही चाक जवळपास कुठल्याही सायकलला चालायचं, आता डिस्क एकशेचाळीस एमएमची का एकशेसाठची इथनं सुरुवात होते. मग ट्यूब काढा, आतनं टायर बोटानं चाचपून काटा शोधा, नाय तर नवी ट्यूबपण गेलीच, आणि छोट्या हातपंपानं ऐंशी पौंड हवा भरा. तोवर मागची टोळी गेली, तिच्या मागची गेली, बिनगिअरच्या गटातले काकापण हात हलवून गेले.

तरी तो पळाला आणि शर्यत पुरी केली. फिनिशला आला तर टायमिंगचं टेबल गुंडाळलेलं, कारण बक्षीस समारंभाला माणसं कमी पडत होती. कागदावर त्याच्या नंबरापुढं 'शर्यत सोडली' असं लिहिलं होतं. वडील विचारत होते, अहो हा समोर उभाय की, सोडली कुठं?

पंक्चर कुणालाही होतं, त्याला कुणाचा इलाज नाय. 2016 च्या टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर गर्दीमुळं मोटारसायकल अडली, तिच्यावर पुढचा गडी आपटला आणि त्याच्या मागोमाग क्रिस फ्रूम पडला, सायकल मोडली आणि तो एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची पिवळी जर्सी घालून चक्क रस्त्यानं पळत सुटला. न्यूट्रल सर्व्हिसची, म्हणजे कुठल्याही टीमच्या गड्याला मदत करणारी, पिवळी गाडी आली, सायकल दिली, तर तिचे पेडल त्याच्या बुटाला बसेनात. म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीतपण जुळणीचा वांधा होतोच. फरक एवढाच की तिथं मागनं त्याच्या टीमची गाडी आली, आणि नंतर पंचांनी बसून विचार केला, गर्दीमुळं जो घोळ झाला त्याचा वेळ त्याच्या खात्यातनं काढला, जर्सी त्याच्याकडंच राहिली. आपल्याकडं पंच म्हणून टेबलावर कोण बसलं होतं ते अजून मला कळलेलं नाय.

आमच्या धंद्यातली एक जुनी गोष्ट मी दुकानात येणाऱ्या पोरांना नेहमी सांगतो. 1913 सालची टूर, युजीन क्रिस्तोफ नावाचा गडी, तुर्मालेचा घाट उतरताना त्याचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, मोडला. तेव्हा नियम असा की रिपेअरी स्वतःची स्वतः करायची. गडी सायकल खांद्यावर टाकून मैलोन् मैल चालत खालच्या गावात गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः हातोडा मारून फोर्क जोडला, आणि एका पोरानं भाता हलवला म्हणून वरनं त्याला दहा मिनिटांचा दंड लावला, पुढं तो कमी करून तीन केला. पोरं हसतात ऐकून. मी म्हणतो हसू नका बे, त्याला निदान वाटेत लोहार तरी भेटला.

सामानाचं पण असंच. सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि पार्टवरचा जीएसटी बारावरनं पाच टक्क्यावर आला, चांगलंच झालं, पण इथं वांधा किमतीपेक्षा मिळण्याचा जास्त आहे. मागच्या गिअरला धरून ठेवणारा हँगर असतो ना, तो मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा करतात, सायकल पडली तर आधी तो वाकावा किंवा तुटावा आणि फ्रेम वाचावी म्हणून. पण प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, सगळे ठेवायचे म्हटलं तर मला दुकान गहाण टाकावं लागेल, त्यामुळं पोरीचा हँगर शर्यतीच्या आठवड्यात तुटला की पुण्याला फोन, तिथं नसला तर ऑनलाइन, आणि तो येईपर्यंत शर्यत होऊन गेलेली असते. रेसिंग ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व असतो, त्याला पेट्रोल पंपावरचं हवेचं तोंड बसत नाय, पितळेचा एक बारका अडॅप्टर लागतो, किंमत चहा-भज्याएवढी, तो खिशात नसला तर हवा भरायचं मशीन समोर असून पोरगं ढकलत घरी येतं. या गोष्टी शिकवायलासुद्धा कुणी नाय, बऱ्याच पोरांना चेन किती झिजली की बदलायची हे माहीत नसतं, मग चेनीपायी कॅसेट जाते आणि खर्च चौपट.

जानेवारी 2026 मध्ये पुण्यात पुणे ग्रँड टूर झाली, यूसीआयच्या, म्हणजे जागतिक सायकल संघटनेच्या, कॅलेंडरवरची, 437 किलोमीटर, पाच दिवस. आमची पोरं व्हिडिओ बघून वेडी झाली. चांगलंय, बघावंच. पण बघताना त्यांची नजर सायकलस्वारांपेक्षा मागच्या गाड्यांवर जास्त होती, टपावर ओळीनं लावलेल्या स्पेअर सायकली मोजत होती.

तेवढं कुणी मागत नाय साहेब. एक पिकअप पायजे, तिच्यात दोन डिस्कची चाकं आणि दोन रिम ब्रेकची, ट्यूब, उभा पंप, चेन जोडायचं सामान आणि एक हात काळे करणारा माणूस. शेवटचा गडी येईपर्यंत टेबल हलवायचं नाय. पाहुणे बक्षीस द्यायला बोलवा, झेंडा दाखवायला पंचच बरा, तो वेळेवर असतो. उसाचा सीझन असला तर निदान दोन तास पोलिसांनी त्या रोडवर डबल ट्रॉल्या थांबवाव्यात, रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली पहाटेच्या अंधारात मोटारवाल्याला दिसत नाय, तिथं खाली मान घालून पळणाऱ्या पोराला काय दिसणार.

आणि पुढची शर्यत जे कुणी भरवतील त्यांना आपल्या पेपरातनं कळवा, पिकअपमध्ये चाकं टांगायचा स्टँड मी माझ्या खर्चानं वेल्डिंग करून देतो, सामान माझं, मी स्वतः बसतो, एक रुपया नको. फक्त त्या गाडीत स्पीकर आणि कार्यकर्ते भरू नका, जागा पुरत नाय.

आपला,
एक सायकल मेकॅनिक
विजापूर रोड, सोलापूर