खाटेची उंची मोजून सांगणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या थीम पार्क रिसॉर्टमध्ये तीन दिवस राहून आम्ही नुकतेच घरी परतलो. निघतानाच्या गडबडीत आपले आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

खोली आरक्षित करण्यापूर्वी मी फोन केला, तेव्हा "आमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे" एवढ्यावर आपण माझी बोळवण केली नाही. या वाक्यावर विसंबून मी यापूर्वी एका ठिकाणी न्हाणीघराच्या दारातच अडकले आहे. आपण मात्र टेप घेऊन खोलीत गेलात आणि अर्ध्या तासाने स्वतः फोन करून सांगितलेत, की दार पूर्ण उघडल्यावर ८४ सेंटीमीटर मोकळी जागा उरते. नुसती चौकट मोजली असती तर आकडा मोठा आला असता. पण उघड्या दाराची फळीही जागा अडवते, हे आपल्या लक्षात आले होते. खाटेची उंची ६३ सेंटीमीटर भरली. माझ्या खुर्चीची बैठक उशीसह ५१ आहे, आणि केवळ हातांच्या जोरावर एवढे वर सरकणे खांद्यांना झेपत नाही, हे मी सांगताच आपण काही बोलला नाहीत; आम्ही पोहोचलो तेव्हा वरची जादा गादी काढलेली होती आणि खाट जवळजवळ खुर्चीच्या पातळीला आली होती.

नौकेच्या राइडपाशी एका कर्मचाऱ्याने माझ्या यजमानांना विचारले, "यांना बसता येईल का?" अशा प्रश्नांची मला सवय आहे, तरी ते लागतातच. आपण तो प्रश्न माझ्याकडे वळवलात: "आपण खुर्चीतून आसनावर कशा जाता?" मग नौकेचे आसन फलाटापेक्षा किती खाली आहे, राइड मध्येच थांबली तर कोठून उतरावे लागते आणि कर्मचारी कितपत मदत करू शकतात, हे सारे आपण समजावून सांगितलेत. रोलर कोस्टरला लागणारा कमरेचा तोल मला सावरता येत नाही, म्हणून तो मी सोडला. वाईट वाटले, पण तो निर्णय पूर्ण माहितीनिशी मी स्वतः घेतला होता, आणि हे मला फार मोलाचे वाटते.

कमरेखाली संवेदना नसल्यामुळे कठीण आसनावर फार वेळ झाला तरी मला कळत नाही आणि बेडसोरची, म्हणजे सतत दाब पडून त्वचेला होणाऱ्या जखमांची, भीती राहते. ते ऐकून आपण इतर सर्वजण बसल्यावर मला नौकेत सरकू दिलेत. "खुर्ची मी हलवू का?" असे विचारूनच आपण तिला हात लावलात. फेरी संपली तेव्हा ती पलीकडच्या, उतरण्याच्या फलाटावर ब्रेक लावून उभी होती. हवेची उशी जशीच्या तशी होती, आणि रिकामी खुर्ची मागे कलंडू नये म्हणून हँडलवरची पिशवी काढून आपण हातात धरली होती.

आपण मोजलेली मापे कृपया आरक्षण कक्षातही नोंदवून ठेवावीत, म्हणजे पुढच्या पाहुण्यांना ती लगेच मिळतील. माझ्या वहीत ती आहेतच. पण पुढच्या खेपेस दुसरी खोली मिळाली, तर मी पुन्हा आपल्यालाच फोन करीन.

आपली कृतज्ञ,
एक पाहुणी