पान पिवळं पडलं की खतच घालायचं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत झाडांविषयीचे प्रश्न छापून येतात ते मी आवर्जून वाचते, पण एक गोष्ट कायम खटकते म्हणून लिहितेय. प्रश्न ठरलेला, 'पानं पिवळी पडतायत, काय घालू?' आणि उत्तरही ठरलेलं, गांडूळखत घाला, कांद्याच्या सालींचं पाणी घाला. अहो पण कुठलं पान पिवळं पडलंय ते कोणी विचारतच नाही! खालचं जुनं की शेंड्याचं नवं, अख्खं पान की फक्त शिरांमधला भाग, एवढं कळलं तरी अर्धं निदान तिथेच होतं.

नायट्रोजन कमी पडला की झाड जुन्या पानांतला काढून नव्यांना पुरवतं, म्हणून खालची पानं आधी फिकी पडतात, तीही अख्खी. मॅग्नेशियम कमी असेल तरी सुरुवात खालूनच, पण शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. लोह मात्र झाडाला असं इकडून तिकडे हलवता येत नाही, त्यामुळे ते कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानंच पिवळी होतात आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी उठून दिसते. आता मुंबईतली गंमत बघा, सोसायटीच्या कंपाउंडमधली माती म्हणजे निम्मं डेब्रिज, त्यातल्या सिमेंट-प्लास्टरच्या चुन्याने माती अल्कलाइन होते आणि लोह असलं तरी मुळांना घेता येत नाही. आमच्याकडे भिंतीलगत एक्झोराच्या फुलझुडपांची रांग आहे ती अशीच पिवळी, आणि माळी त्यात मुठीमुठीने डीएपी (नायट्रोजन आणि फॉस्फेटचं रासायनिक खत) टाकतो! जास्तीच्या फॉस्फेटने लोह अजूनच अडकतं, पण सांगणार कोण, कमिटीचा ठराव झालाय म्हणे.

आणि पावसाळ्यात तर खताचा विषयच काढू नये असं माझं मत आहे. ग्रिलमधल्या कुंड्या, खाली ताटली, ताटलीत पाणी साचलेलं, वर चार-चार दिवस ऊन नाही. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात, कुजलेलं मूळ पाणी ओढणार कसं, मग माती ओली असूनही झाड मलूल दिसतं आणि माणूस म्हणतो बिचारं सुकलंय, घाला अजून एक तांब्या. बोट दोन पेरं मातीत खुपसून बघायला काय जातं? पिवळं पान मऊ लिबलिबीत असेल तर बहुतेक पाणी जास्त, कुरकुरीत असेल तर कमी. ताटल्या तर ओतूनच टाका, पालिकेवालेही डेंग्यूच्या डासांसाठी तेच सांगत असतात. (मनीप्लांटचं अगदी खालचं एखादंच पान पिवळं होऊन गळत असेल तर ते म्हातारपण, त्याला औषध नाही.)

पान उलटं करून बघायची सवयही आपल्याला नाही. मिरचीची पानं वाकडी झाली की सगळेच म्हणतात चुरडामुरडा, पण कडा वरच्या बाजूला वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे आणि खाली वळल्या असतील तर कोळी (माइट्स नावाची बारीक कीड), दोन्हींचं औषध वेगळं. जास्वंदीच्या पानांवर काळं साचतं ते हायवेची धूळ म्हणून लोक सोडून देतात. ओल्या फडक्याने पुसा, धूळ असेल तर लगेच निघेल, चिकट लागलं आणि मुंग्या फिरताना दिसल्या तर त्याच्या वरचं पान उलटं करा, मावा नाहीतर पिठ्या ढेकूण तिथे बसलेला असतो, त्याच्या गोड चिकट्यावर ही काळी बुरशी वाढते. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं आणि ते हललं तर फुलपाखराची अळी समजा. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला, आणि या कुळातल्या झाडांवर ब्ल्यू मॉरमॉन फुलपाखराच्याही अळ्या वाढतात, २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे, तेव्हा चार पानं खाल्ली तर खाऊ द्या की.

तर विनंती अशी की यापुढे प्रश्न मागवताना पानाचे दोन फोटो मागवा, एक वरून एक खालून, आणि सोबत जुनं पान की नवं, शेवटचं पाणी कधी घातलं आणि कुंडीला खाली भोक आहे का, एवढं लिहायला सांगा. नर्सरीवाला हे विचारणार नाही, त्याला पुडी विकायची असते. आणि राणीच्या बागेत पालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं तिथे सेल्फी पॉइंटच्या जोडीला आजारी पानं तपासून देणारं एखादं टेबल मांडता आलं तर बघा म्हणावं, लोक पिशवीत पानं घेऊन रांग लावतील.

आपली,
एक नियमित वाचक, गोरेगाव (पूर्व)